अंजिराला केवढी कुंडी द्यायची? नर्सरीवाल्यांसाठी लिटरचा हिशोब

परवाच्या व्हिडिओत मी कुंड्यांच्या साइझबद्दल घाईघाईत बोलले. बारा मिनिटांत किती सांगणार? अंजिराचा भाग तर दोन वाक्यांत उरकला. खरं तर माझ्या दुकानात सगळ्यात जास्त चुका मी अंजिरातच केल्यात, म्हणून तो भाग इथे सविस्तर लिहिते. तुमची नर्सरी असेल, कुंड्या-मातीचं दुकान असेल किंवा घरून रोपं विकत असाल, तर हे काउंटरवर रोज लागणारं आहे.

आधी माझीच गोष्ट. दुकान सुरू करून वर्षच झालं होतं. जुलै महिना, पावसाळी गिऱ्हाइकाची गर्दी. एक काकू आल्या. माहेर पुरंदरचं, सासवडच्या पुढे. वडिलांची अंजिराची बाग होती, ती विकली गेली. आता फ्लॅटच्या टेरेसवर एक तरी अंजीर हवं होतं. म्हणाल्या, "ताई, झाड मोठं झालं पाहिजे हं. कुंडी बदलायची झंझट नको, एकदाच काय ती मोठी द्या."

हे असं वाक्य ऐकलं की दुकानदाराच्या कानात काय वाजतं ते तुम्हाला माहीत आहे. मी २४ बाय २४ ची ग्रो बॅग काढली, ती भरायला मातीची पोती, आणि सहा इंची पिशवीतलं वीतभर अंजीर. बिल मोठं झालं. आमच्याकडचे माळीमामा टेम्पोत पोती चढवताना फक्त एवढंच म्हणाले, "एवढ्याशा काडीला एवढा हौद?" मी म्हटलं, मामा, गिऱ्हाइकानं मागितलंय. मामा गप्प.

काकू परत आल्या नाहीत. तक्रार नाही, फोन नाही. मला वाटलं सगळं छान चाललंय! चार-पाच महिन्यांनी त्यांच्याच सोसायटीत दुसरी डिलिव्हरी होती. टेरेसवर गेले तर ती बॅग दिसली, तिच्यात पुदिना. काकूंनी मला पाहिलं आणि उलट त्यांनाच लाज वाटली. "अगं, तुझं झाड गेलं माझ्या हातून. मला बाई पाणी घालायचंच कळलं नाही. बाबा असते तर रागावले असते."

चूक माझी होती आणि माफी त्या मागत होत्या. भांडणारा कस्टमर परवडतो हो, तो निदान काय झालं ते सांगतो. स्वतःलाच दोष देणारा कस्टमर "आपल्या हाताला झाडं लागत नाहीत" म्हणत नर्सरीची पायरीच सोडतो. असे किती जण माझ्याकडून गेले असतील, मोजायची सोय नाही.

मोठी कुंडी झाड का मारते

आता नीट समजून घेऊ, कारण हे तुम्हाला गिऱ्हाइकाला एका मिनिटात समजावता आलं पाहिजे.

कुंडीतलं पाणी दोन रस्त्यांनी जातं. खालच्या भोकातून जादाचं निथळून जातं, आणि उरलेलं मातीनं धरून ठेवलेलं पाणी मुळं पितात किंवा ऊन-वारा उडवतो. निथळल्यानंतरही कुंडीच्या तळाशी एक ओलागच्च थर राहतोच. स्पंज पाण्यातून काढून उभा धरा, वरचा भाग निथळतो पण खालची कड भिजलेलीच राहते. तसंच.

छोट्या कुंडीत हा थर मुळांच्या आवाक्यात असतो, दोन दिवसांत मुळं तो पिऊन टाकतात. काकूंच्या बॅगेत सुमारे १६० लिटर माती होती आणि रोपाच्या मुळांचा गोळा जेमतेम अडीच लिटरचा. म्हणजे चौसष्टपट माती! तिच्यातलं पाणी पिणारं कोणीच नाही. वर जुलैचा पाऊस, ऊन नाही, वारा दमट. मातीत हवा राहिली नाही की मुळं गुदमरतात, मग कुजतात. मुळं कुजली की पानं पिवळी पडून सुकायला लागतात, आणि सुकलेलं झाड बघून माणूस काय करतो? अजून पाणी घालतो.

अंजीर या बाबतीत हळवं आहे. त्याला पाणी लागतं, पण साचलेलं चालत नाही. पुरंदर तालुक्यात ते चांगलं येतं त्यात निचऱ्याच्या जमिनीचा मोठा वाटा आहे. तिथल्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. हे गिऱ्हाइकाला जरूर सांगा, आपल्या भागातलं फळ म्हटलं की माणूस दोन मिनिटं जास्त थांबतो.

एक गैरसमज इथेच मोडते. "तळाला खडी टाकली की निचरा होतो" असं आपण सगळेच सांगत आलोय. मीही सांगायचे. बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळीत सहजी उतरत नाही, तो ओला थर खडीच्या वर बसतो. म्हणजे खडीनं ओल मुळांच्या आणखी जवळ आणली. भोकावर एक खापरीचा तुकडा किंवा जाळी पुरे. निचरा मातीच्या मिश्रणातून येतो. खडीचं पोतं विकलं जात नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

इंच सोडा, लिटर बोला

गिऱ्हाईक इंचात मागतो, आपण इंचात विकतो, आणि सगळा घोटाळा तिथे होतो. कारण इंच थोडे वाढतात, माती धडाधड वाढते. रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट केली तर माती दुप्पट होत नाही, आठपट होते.

शिवाय "१२ इंची" म्हणजे काय? खाली निमुळती होत जाणारी १२ इंची प्लास्टिकची कुंडी काठोकाठ भरली तर साधारण १४ लिटर बसते. १२ बाय १२ ची सरळ ग्रो बॅग मात्र २२ लिटर घेते. नाव एकच, माल दीडपट. कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून माझा आग्रह असा की एकदा स्वतः मोजा. लिटरचं माप घेऊन कुंडीत कोकोपीट भरा (पाणी भरून मोजायचं तर भोकं बुजवावी लागतात), आणि मार्करनं तळाला आकडा लिहून टाका. आमच्याकडे एका रविवारी दुपारी सगळा स्टॉक मोजून झाला.

पाणी घालायला वर जागा सोडून प्रत्यक्ष किती माती बसते, ते माझ्या दुकानातले आकडे असे: १० इंची निमुळती कुंडी ८ लिटर, १२ बाय १२ बॅग १८ लिटर, १५ बाय १५ बॅग ३८ लिटर, १८ बाय १८ बॅग ६६ लिटर. २४ बाय २४ वर सांगितली तीच, १६०.

नियम सोपा ठेवलाय. नवी कुंडी जुन्या मातीच्या दुप्पट, फार तर अडीचपट. अंजीर झपाट्यानं मुळं सोडतं म्हणून अगदी पहिल्या बदलाला तिप्पटही चालते, पण पावसाळ्यात नाही. वरचे आकडे पुन्हा बघा: ८, १८, ३८, ६६. प्रत्येक पायरी साधारण दुपटीची आहे. सहा इंची पिशवीतलं अडीच लिटरचं रोप १० इंचीत जातं. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये कोणी नेलं तर मी ८ इंचीच देते आणि सांगते, पाऊस संपला की घेऊन या.

आणि झाडाच्या उंचीवर कधीच जाऊ नका. तीन फुटाची काडी आणि मुळं मूठभर असं गुटी कलमात नेहमी दिसतं. पिशवी बाजूनं दाबून, उलटी करून मुळांचा गोळा बघायचा. गिऱ्हाइकासमोरच बघायचा. त्याला ते आवडतं, कारण भाजीवालाही कलिंगड कापून दाखवतो. एक काळजी घ्या, अंजिराचा पांढरा चीक अंगाला लागून वर ऊन पडलं तर चट्टे उठतात. हातमोजे घाला, गिऱ्हाइकालाही सांगा.

मग छोटीच ठेवायची का?

नाही. दुसऱ्या टोकाची चूक बाल्कनीवाले करतात. माझ्याकडे एक आयटीतला मुलगा फोटो घेऊन आला होता. १० इंची कुंडीत तीन वर्षं तेच अंजीर. फळं धरतात, गोटीएवढी होतात आणि गळतात. खत कुठलं घालू, असं विचारत होता. मी म्हटलं, खत राहू दे, कुंडी घेऊन ये. आणली, उलटी केली, तर माती दिसतच नव्हती. नुसती मुळांची चुंबळ.

अंजिराचं पान बघा केवढं असतं. उन्हाळ्यात त्यातून पाणी भराभर उडतं. एप्रिलमध्ये पुण्याच्या उन्हात भरल्या झाडाची १० इंची कुंडी सकाळी भरली तर दुपारी कोरडी. एकदा कोरडी पडली की झाड आधी फळं टाकतं. घरी आल्यावर घाबरून भसाभस पाणी घातलं तर पिकायला आलेली फळं फुटतात. आणि आपल्याकडे गोड फळांचा मीठा बहार नेमका उन्हाळ्यातच हाताशी येतो. म्हणजे छोट्या कुंडीची शिक्षा ऐन फळाच्या वेळी मिळते.

म्हणून शेवटचा मुक्काम मी १८ बाय १८ ठरवलाय. ६६ लिटर माती उन्हाळ्यात सकाळच्या एका पाण्यावर दिवस काढते, निदान आमच्या टेरेसवर तरी. त्याच्या पुढे जायची गरज घरगुती झाडाला मला दिसलेली नाही. मुळं थोडी कोंडलेली असली तर अंजीर नुसतं पानांनी फोफावत नाही, फळाकडे वळतं. इंग्लंडमध्ये तर जमिनीत लावतानाही मुळं पसरू नयेत म्हणून खड्ड्याच्या बाजूंनी फरश्या उभ्या करायची जुनी पद्धत आहे.

१८ ची कुंडी भरली की काय? मोठी नको, मुळं छाटा. दोन-तीन वर्षांनी, थंडी सरता सरता, नवी फूट यायच्या आधी झाड बाहेर काढायचं. गोळ्याच्या चारही बाजूंनी आणि तळाला दीड-दोन इंच कापून टाकायचे, त्याच बॅगेत नवी माती भरून परत लावायचं, वरच्या फांद्याही त्याच मानानं कमी करायच्या. अंजीर नव्या फुटीवर फळ देतं, त्यामुळे फांद्या छाटायला घाबरू नका. ही सर्व्हिस आहे आणि सर्व्हिसचे पैसे घ्यायचे असतात. घ्या.

टेरेस असेल तर वजन विचारा

हे मी व्हिडिओत विसरले. ओली माती साधारण लिटरला किलोच्या आसपास धरा, काळी माती जास्त असेल तर आणखी. १८ ची बॅग म्हणजे सत्तर किलोच्या घरात. दोन माणसांनी सरकते. २४ ची १७०–१८० किलो, एकदा ठेवली की तिथेच राहिली, खालून ओल आली तरी हलत नाही. ये-जा असलेल्या गच्चीसाठी आपल्या भारतीय मानकात (आयएस ८७५) वापराचा भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे १५० किलो धरतात. एका बॅगेनं स्लॅब पडत नाही, पण आठ-दहा बॅगा स्लॅबच्या मधोमध रांगेत मांडणारे लोक आहेत. त्यांना सांगा, बीमच्या रेषेवर, भिंतीकडेनं ठेवा, जास्त करायच्या असतील तर इंजिनिअरला विचारा. विक्री गेली तर जाऊ दे.

कुंडी कशाची हा प्रश्नही येतो. माझं मत: पहिल्या वर्षी प्लास्टिक चालतं, पुढे जाड ग्रो बॅग किंवा कापडी बॅग. काळी कुंडी पश्चिमेच्या उन्हात ठेवली तर त्या बाजूची मुळं भाजतात, फिक्या रंगाची बरी. मातीची कुंडी दिसायला सुंदर, निचऱ्याला छान, पण उन्हाळ्यात पाण्याचा खर्च वाढतो आणि मोठी असेल तर उचलताना फुटते. निळा ड्रम अर्धा कापून (साधारण १०० लिटर) लावणारेही खूप आहेत, फक्त त्यात आधी काय होतं ते विचारल्याशिवाय घेऊ नका. उंच आणि निमुळती फॅन्सी कुंडी मात्र अंजिराला देऊच नका. वळवाच्या वाऱ्यात पानांचं शीड होतं आणि झाड कुंडीसकट आडवं.

आता धंद्याचं गणित

तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं ठीक, पण मोठी बॅग विकली तर बिल मोठं होतं त्याचं काय? मीही बीबीए केलंय, मला गोड बोलून फसवायला आवडत नाही, म्हणून आकडे सरळ मांडते. भाव माझ्याकडचे आहेत, तुमचे टाकून बघा. माती लिटरला १२ रुपये, मालावर मार्जिन ३५ टक्के धरू.

एकदाच मोठी: रोप २००, २४ ची बॅग ३५०, माती साधारण १,९००. बिल २,४५०. मार्जिन अंदाजे ८५७ रुपये.

पायरी-पायरीनं: आधी रोप २००, १० इंची कुंडी १२०, माती ७२, म्हणजे ३९२. मग १२ ची बॅग १००, नवी माती १२०, कुंडी बदलून देण्याचे १००, म्हणजे ३२०. मग १५ ची बॅग १५०, माती २४०, मजुरी १५०, एकूण ५४०. शेवटी १८ ची बॅग २२०, माती ३३६, मजुरी २००, एकूण ७५६. चारही मिळून २,००८. यातला माल १,५५८ चा, त्यावर ५४५ रुपये. मजुरी ४५०, त्यातले निम्मे मामांचे, निम्मे म्हणजे २२५ दुकानाचे. एकूण ७७०.

म्हणजे पायरीनं विकलं तर ८७ रुपये कमी मिळतात, तेही अडीच-तीन वर्षांत विखरून. कमीच आहेत, खोटं कशाला सांगू. पण पहिल्या हिशोबात झाड मेलं तर गोष्ट ८५७ वरच संपते. दुसऱ्यात गिऱ्हाईक तीनदा परत येतं, आणि नर्सरीत आलेला माणूस रिकाम्या हातानं जात नाही: निंबोळी पेंड, एखादी तुळस, शेजारणीसाठी गुलाब. ते मी या हिशोबात धरलेलंच नाही. पहिली कुंडी वाया जाते म्हणणाऱ्यांची रिकामी १० इंची मी निम्म्या किमतीत परत घेते, धुऊन पुन्हा विकते.

फक्त एक अट आहे. पुढची पायरी गिऱ्हाइकाच्या लक्षात राहणार नाही, ती तुम्ही लक्षात ठेवायची. आम्ही वहीत तारीख, नाव, कुंडीचे लिटर लिहितो आणि जानेवारी अखेरीस व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकतो: "तुमच्या अंजिराची कुंडी उचलून बघा. खालच्या भोकातून मुळं आली असतील, पाणी घातल्याबरोबर खाली पळत असेल किंवा सकाळी पाणी घालूनही दुपारी पानं मलूल होत असतील तर फोटो पाठवा." सेल, ऑफर असलं काही लिहीत नाही. फोटो येतात.

काउंटरवर "एकदाच मोठी द्या" म्हणणाऱ्याला मी काय सांगते तेही लिहिते, कारण नुसतं "नको" म्हटलं तर तो शेजारच्या नर्सरीत जातो. मी म्हणते, "काका, पहिलीच्या पोराला दहावीचा गणवेश घ्याल का?" हसतात. मग उलट्या पिशवीतला मुळांचा गोळा दाखवते, शेजारी २४ ची बॅग उघडून धरते. बहुतेक जण तिथेच ऐकतात. नाही ऐकलं, हट्टच धरला, तर मोठी बॅग देते, पण तिच्यात रोप १० इंची कुंडीसकट ठेवायला सांगते, भोवती पालापाचोळा किंवा मेथी-कोथिंबीर. मुळं भरली की कुंडी काढून बॅगेत लावायचं. हा मधला मार्ग मामांचा आहे, माझा नाही.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: "जोडी लागते का? एकाला फळ धरेल?" आपलं पुणे अंजीर परागीकरणाशिवाय फळ धरतं, एक झाड पुरतं. दोन विकायच्या मोहात पडू नका.

काकूंचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी पुदिन्याच्या बॅगेसमोर मी त्यांना सांगितलं की चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी १० इंची कुंडीत नवं रोप नेऊन दिलं, पैसे घेतले नाहीत. त्यांना ते पटत नव्हतं, शेवटी एक डबाभर पुदिन्याची चटणी देऊन त्यांनी हिशोब मिटवला. ते झाड आता १८ च्या बॅगेत आहे. मागच्या एप्रिलमध्ये सात फळं आली. सहा त्यांनी खाल्ली, एक पक्ष्यांनी. यंदा जाळी लावायला मामांना पाठवायचंय, आणि जाळी केवढी घ्यायची हे त्यांनी आधीच फोन करून विचारलंय.